आधी काय नासंल?

"हात लाव रे भाऊ!"

अंगणातून ही हाक आली की हातातलं टाकून बाहेर जायचं. डोक्यावरची मासळीची पाटी एकटीला उतरवता येत नाही. एक बाजू तिनं धरायची, दुसरी आपण, आणि पाटी अलगद पायरीवर टेकवायची. जाताना पुन्हा दोघांनी उचलून तिच्या डोक्यावर. मासे घ्या, नका घेऊ, पाटीला हात लावणं हा रत्नागिरीतल्या आमच्या आळीचा धर्म होता. तुमच्या दारात मासेवाली येत असेल तर तुम्हीही तो पाळला असेल.

पाटी उतरली की आमची मासेवाली डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून पायरीवर टाकायची, तिच्यावरच बसायची, पदरानं मान पुसायची आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची.

"काय रे, आज काय इसारलास?"

लोक एकमेकांचं कुशल विचारतात, तसं ती मला हे विचारायची. आणि मी काहीतरी विसरलेलो असायचोच. एकदा तर एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात बायकोची.

तिचं नाव मला ठाऊक नाही. सगळी आळी मावशी म्हणायची, मीही म्हणायचो. माहेर पूर्णगडचं, सासर बंदराजवळ, नवरा आणि मुलगा होडीवर, एवढं माहीत होतं. नाव विचारायचं एकदा ठरवलं होतं, ते राहून गेलं. माझं बरंच काही असं राहून गेलेलं आहे, त्यामुळे हा लेखही पुरा होईल की नाही याची घरात पैज लागलीय.

हल्ली माझ्या नातवाला डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव चिकटवलंय. लक्ष टिकत नाही, वेळेचा अंदाज येत नाही, वस्तू हरवतात, आणि एखाद्या गोष्टीत रमला की ढोल वाजवले तरी उठत नाही. माझा मुलगा विनू तो कागद मोठ्यानं वाचत होता. वाचता वाचता थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, हे तर तुमचंच वर्णन आहे!" आमच्या वेळी ह्याला वेंधळेपणा म्हणत आणि त्यावर टपली हे एकच औषध होतं.

मी सरकारी कचेरीत जमिनींचे नकाशे काढायचो. काम सुरेख करायचो, खोटं कशाला सांगू. एखाद्या वहाळाचं, ओढ्याचं वळण शाईनं भरायला बसलो की जेवणाची सुट्टी कधी आली नि कधी गेली, पत्ता लागायचा नाही. घरात घड्याळं तीन. तिन्ही चालू, आणि तिन्हींचा मला काडीचा उपयोग नव्हता. "अजून पाच मिनिटं आहेत," असं मी म्हणायचो आणि ती पाच मिनिटं कुठं जायची देव जाणे.

हे सगळं चालून जायचं, कारण बायको होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. चौथीतली शुभा आणि पहिलीतला विनू, दोघांचं आणि शिवाय माझंही ती बघायची. ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील, गणपती विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते, तर तिला बढतीचा हुकूम आला. मुख्याध्यापिका. पण शाळा मंडणगडकडच्या एका खेड्यात! सकाळची एस.टी. पकडली तर दिवस मावळता पोचणार. दिवाळीपर्यंत येणं जमणार नव्हतं.

सासरे सावर्ड्याहून धावत आले. त्यांना मी मामा म्हणायचो. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "पोरं मी नेतो. शाळा आहे गावात. ह्यांच्या भरवशावर ठेवलीस तर पोरं एक दिवस टपालात टाकून येतील हे."

मी म्हटलं, "मुलं माझ्याजवळ राहतील."

बायकोनं हुकमाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं, तर सावर्डे." आणि मला एकीकडे घेऊन म्हणाली, "मला ही बढती हवीय हो. आणि मुलं तुमच्याजवळच असावीत असंही वाटतं. तेवढं करा."

मी हो म्हटलं. आणि पहिल्याच रविवारी दोघांना गणवेश घालून, डबे देऊन शाळेत नेलं. शाळेला कुलूप.

पहिला आठवडा वर्णन करण्यासारखा नाही. भात तीनदा करपला. विनूचा डबा माझ्या पिशवीतून कचेरीत गेला आणि माझी पेनं विनूच्या दप्तरातून शाळेत. शुभा बिचारी काही बोलायची नाही. आठवड्यातून एकदा रात्री पोस्टकार्ड घेऊन आईला लिहायला बसायची आणि सकाळी माझ्या हातात द्यायची, पेटीत टाकायला. मला वाटायचं, ह्या पोरीनं खरंखरं लिहिलं की आपला निकाल लागलाच!

अशाच एका सकाळी मावशी आली. पाटी उतरवली, तिनं बांगडे निवडले, मी "आलोच हं" म्हणून पातेलं आणायला आत गेलो. पातेल्याखाली जुनं वर्तमानपत्र होतं. त्यात एका दीपस्तंभाचा फोटो होता. फोटो बरा होता, पण उंचीचं प्रमाण चुकलं होतं असं मला वाटलं, म्हणून पेन्सिल शोधली. तिला टोक नव्हतं.

"अरे भाऊ, मेलास की काय आत?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी टोक करतोय. गॅसवर डाळ उतू चाललेली, विनू एका बाहीत हात घालून बसलेला, शुभा सुटे केस घेऊन उभी.

"पंधरा मिन्टां झाली. काय काय करायचा हाय तुला?"

मी धडाधडा सांगितलं. डबे, शुभाच्या वेण्या, विनूचा शर्ट, खिडकीची मोडलेली कडी, मामांना पत्र, परसातलं गवत, रेडिओचा खरखराट, विनूचा पाढा...

"थांब," ती म्हणाली. "आधी काय नासंल ता सांग."

मला काही कळेना. तिनं मला दंडाला धरून बाहेर पाटीपाशी आणलं.

"ही बग तारली. आता चांगली, बारा वाजता मांजराची. ही पयली इकायची. हा बांगडा, हा जरा धीर धरतो. आन ही तळाला सुकट, ही पुडच्या म्हयन्यात पन हीच ऱ्हाईल. मी सुकट इकत बसलंय तर तारलीचा काय व्हईल? आता तुजी पाटी वत. कडी कंदी मोडली?"

"गणपतीच्या आधी."

"मंग ती सुकी. गवत?"

"तेही सुकं."

"डबा?"

"तारली," विनू आतून ओरडला. पोराला माझ्याआधी कळलं.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. पण नुसतं कळून भागतं का? दुसऱ्या दिवशी काय नासेल ते मला चोख पाठ होतं, आणि तरी मी पावणेदहाला विनूच्या मोज्याचा जोडीदार शोधता शोधता कपाट आवरायला बसलो. मावशीनं ते पायरीवरून पाहिलं. मी मोजा टाकून धावत आलो, "मावशी, हात लावतो चला," म्हटलं, तर तिनं पाटीवर हात ठेवला.

"नाय. तुजी पोरां भायेर पडल्याबिगर पाटी उचलायची नाय."

"अहो, मासे खराब होतील!"

"व्हऊंदेत की. माजे व्हतील, तुजा काय जातंय?"

आणि चुंबळीवर ठाण मांडून बसली. ऑक्टोबरचं ऊन, पाटीत तारली. माझं स्वतःचं काही बिघडत असलं की मला काही वाटायचं नाही, पण माझ्या पायी दुसऱ्याच्या पोटावर पाय यायला लागल्यावर मला घाम फुटला. मोजा सापडला, डबे भरले, वेण्या कशाबशा घातल्या, दहाला पाच मिनिटं कमी असताना पोरं फाटकाबाहेर! जन्मात पहिल्यांदा. मी पळत येऊन पाटीला हात लावला. ती म्हणाली, "वेन्या वाकड्या हायत. उद्या दोर वळायला शिकवते."

रोज हेच. साडेनऊला पाटी माझ्या पायरीवर, आणि पोरं निघेपर्यंत तिथंच. आता गंमत अशी, की पुढची सगळी आळी मासळीची वाट बघत बसायची. चौथ्या दिवशी समोरच्या काकू कंबरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्या. "अहो, तुमची कार्टी निघाली का? आमचं कालवण अडलंय इथं!" मग सगळ्यांनाच चेव आला. "शुभे, रिबीन घे गं!" "विन्या, दप्तर!" "अहो नकाशेवाले, गॅस बंद केलात का?" माझ्या दोन मुलांना शाळेत धाडायला सात घरं ओरडत असायची. शेजारचे गृहस्थ तर पैजेनं सांगायचे, आज तारली वाचणार की जाणार.

मला वाटलं, आपणही काही करावं. एका संध्याकाळी बसून मी आठवड्याचं वेळापत्रक काढलं. चार रंगांची शाई, कोपऱ्यात दिशादर्शक बाण, खाली सूची. असं देखणं वेळापत्रक कोकणात झालं नसेल. ते पुरं झालं तेव्हा मुलं उपाशीच झोपली होती. सकाळी मावशीला कौतुकानं दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद बोटांत चोळून पाहिला.

"जाड हाय. मासे बांदायला ब्येस."

महिना असा छान गेला. मी मनातून फुशारलो होतो. शुभा अधूनमधून संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "बाबा, एक सांगू?" मी म्हणायचो, "नंतर गं राणी, एवढी रेघ होऊ दे." ती जायची. जेवण वेळेवर, अंघोळ वेळेवर, शाळा वेळेवर, मग बोलणं काय, कधीही होईल. मी ते सुकटीत टाकलं होतं.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि बायकोचं पत्र आलं. "शुभाचं एकही पत्र नाही. ती आजारी आहे का? खरं काय ते कळवा. वडिलांना सांगून ठेवलं आहे." मी चक्रावलो. एकही नाही? पोर दर आठवड्याला लिहीत होती! मी पिशवी उलटी केली. मग नकाशे ठेवायची पत्र्याची नळी उघडली. आत शुभाची पोस्टकार्डं, पाचच्या पाच. ज्या पत्रांना मी इतका घाबरत होतो, ती मी टाकलीच नव्हती.

मावशी पायरीवर होती. पोरं नुकतीच गेली होती. "काय रे, भूत बगितलास?" तिनं विचारलं. मी तिथंच बसून तिला वाचून दाखवायला लागलो. पहिल्यात लिहिलं होतं, "बाबांनी रविवारी शाळेत नेलं. कुलूप होतं. मग आम्ही मांडवीला समुद्रावर फिरायला गेलो. मजा आली." दुसऱ्यात, "बाबा आता मासेवाल्या मावशीला घाबरतात. तू पण तशीच ओरड." मावशी खो खो हसली. तिसरं, चौथंही तसंच. पाचवं मी वाचायला लागलो.

"प्रिय आई, दिवाळीनंतर मी सावर्ड्याला जाते. विनूला इथंच राहू दे. बाबांना एकाचं जमेल. दोघांचं करताना त्यांना फार धावावं लागतं. मी आजोबांकडे रडणार नाही."

मी कार्ड मांडीवर ठेवलं. मावशीही हसायची थांबली. म्हणाली, "ही तारली व्हती रे भाऊ. तू सुकटीत टाकलीस."

"आता काय करू?"

"ता मला इचारतोस? शाळा खंय हाय ठाव हाय ना? ऊठ. पाटीला मी काकूंना हात लावाया सांगते."

कचेरीकडे जाणारा मी तसाच शाळेकडे वळलो. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत फाटकाशी उभा राहिलो. शुभा आली, घाबरून म्हणाली, "बाबा, काय विसरलात?"

म्हटलं, "तुझं ऐकायचं विसरलो. तुला काय सांगायचं होतं?"

ती बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. "कविता म्हणून दाखवायची होती. स्पर्धा होती ना."

"मग आता म्हण."

"झाली स्पर्धा. मंगळवारी. दुसरी आले मी."

रडू आलं मला, तिथंच, फाटकाशी, शिपायासमोर. पोरीनं आपल्या रुमालानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, मुली बघतायत." तिला मी सांगितलं, की मला दोघंही हवीत. धावावं लागलं तर धावेन. ती म्हणाली, "मग ते पत्र टाकू नका." मी म्हटलं, "त्याची काळजी नको, मी एकही टाकलेलं नाही." तेव्हा कुठं ती हसली.

त्या दिवसापासून संध्याकाळी कचेरीतून आलो की आधी पायरीवर बसायचं, दोघांचं बोलणं संपेपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. ह्याची हाकाटी करायला मावशी नव्हती. ते मी माझं मला शिकलो.

सुट्टी लागायला दोन दिवस असताना बायको रजा टाकून आली, न कळवता. त्याच रात्री मामाही आले, रिकामी ट्रंक घेऊन. ट्रंक दाराशीच राहिली. सकाळी दोघं ओटीवर बसली, परीक्षक बसावेत तशी.

साडेनऊला हाक आली. पाटी उतरली. मावशीनं ट्रंक पाहिली, मामांना पाहिलं आणि कधी नव्हे ती गप्प बसली. आळीही चिडीचूप, काकू कुंपणाआड. मी डबे भरले. शुभाच्या वेण्या घातल्या, दोराच्या पिळाच्या, सरळ. विनूनं स्वतःचे मोजे स्वतः शोधले. दहाला सात मिनिटं कमी असताना शुभा फाटकाशी जाऊन वळली, म्हणाली, "बाबा, संध्याकाळी एक सांगायचंय." मी म्हटलं, "पायरीवर!" आणि पोरं गेली. मी पाटीला हात लावायला वाकलो, तेवढ्यात कुंपणाआडून काकूंना राहवलं नाही. "वाचली हो तारली!"

बायको हसता हसता रडायला लागली. मामा मात्र गंभीर. "एका दिवसाचं काय घेऊन बसलीस? मी आता आलोय तर दिवाळीपर्यंत राहतो. बघतो नीट."

मावशीनं पाटी पुन्हा टेकवली. घसघशीत तारल्या उपसल्या, माझ्या चार रंगांच्या वेळापत्रकात बांधल्या आणि पुडकं मामांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या आजोबा, घराकडं. माजी भेट. पन आत्ताची गाडी धराल तरच सावर्ड्यापावत टिकतील हां. तारली हाय."

फुकटची ताजी तारली नासवणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते तडक उठले. एका हातात रिकामी ट्रंक, दुसऱ्या हातात पुडकं, अशी त्यांची पाठ मी फाटकातून पाहत उभा राहिलो. मुलं माझ्याजवळच राहिली आणि बायकोची बढतीही.

पुढं पाच-सहा वर्षं मावशी येत होती. जूनमध्ये समुद्र बंद झाला की पाटीत नुसती सुकी मासळी असायची. तिला नासायची घाई नाही, म्हणून मावशी निवांत गप्पा मारायची आणि आम्हाला हमखास उशीर व्हायचा. "पावसात तुजा तू बग," म्हणायची. हळूहळू बघायलाही लागलो.

मग एका सकाळी पाटी घेऊन तिची सून आली. म्हणाली, सासूबाईंचं अंग सुजलंय, हवापालट म्हणून पूर्णगडला भावाकडे नेऊन ठेवलंय. शुभा तेव्हा दहावीत. ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या टेबलावर अख्ख्या तालुक्याचा नकाशा अर्धा शाईत होता आणि साहेबांना तो दुपारी हवा होता. मी शाईची बाटली बंद केली. शुभा चपला घालून उभीच होती.

पूर्णगडला मावशी खाटेवर होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला, पण बोलली ते असं, "कचेरी सोडून आलास? एवड्या घायनं? मी काय तारली हाय? मी सुकट रे, मला काय व्हतंय!" मग शुभाकडे वळली. "बापूस येळेवर जेवाया घालतो काय गो?"

"कधीकधी," शुभा म्हणाली.

मावशी हसली, आणि उठून बसायचं म्हणून माझ्याकडे हात केला. "हात लाव रे भाऊ." एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं शुभानं. पाटीपेक्षा हलकी झाली होती. बसल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज काय इसारलास?"

"आज काहीच नाही, मावशी."

"मंग बरा झाला," ती म्हणाली आणि आम्हाला पाचच्या गाडीला पिटाळलं.

दहा दिवसांनी सून आली. पाटी उतरवली आणि चुंबळीवर बसून पदर तोंडाला लावला. काय झालं ते कुणी विचारलं नाही. काकू कुंपणाशी आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. आळीत कुणी हाक मारली नाही, कुणी कालवणाचं बोललं नाही. पाटीतल्या तारल्या उन्हात तशाच राहिल्या.

बऱ्याच वेळानं सून उठली. डोळे पुसून, डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं हळू आवाजात म्हटलं, "हात लावा कुनीतरी." शुभा शाळेला निघाली होती. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि पाटीला हात लावला. मग सून आळीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर ती तिथंच उभी राहिली.

त्या दिवशी शुभाला शाळेला उशीर झाला. मी एकदाही घाई केली नाही.